बिनखसखशीचे लाडू

पाच महिन्यांच्या लेकराचा फोटो तोंड मिटलेला, डोळे उघडे, मान सरळ आणि मागं पांढरा पडदा असाच पाहिजे, हा नियम ज्या कुणी केला त्याला स्वतःचं लेकरू नसणार. असलंच तर त्यानं ते कधी कडेवर घेतलं नसणार. नांदेडच्या फोटो स्टुडिओची तिसरी फेरी झाली तेव्हा उज्वलाचं हे मत पक्कं झालं होतं.

पहिल्या फोटोत शिवांगीचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यात डोळे टक्क उघडे, पण तिला मागून धरलेली उज्वलाची चार बोटं काखेतून डोकावत होती. तिसरा मात्र असा झकास आला की फोटोवाल्यानं दुकानात लावायला एक जास्तीची प्रत काढून घेतली. तो फोटो घेऊन उज्वला पासपोर्टच्या खिडकीवर गेली, तर आतल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "बाळाच्या कपाळावर डाग आहे का?" डाग कसला, ती काजळाची तीट होती. घरातून निघताना उज्वलाच्या आईनं, केवळाबाईनं लावलेली. एक कपाळाला, एक गालाला आणि एक तळपायाला. फोटोत तळपाय येत नव्हते एवढंच नशीब.

"तीट लावल्याबिगर लेकरू नांदेडला न्यायचं? येवढ्या लोकांत?" केवळाबाई उलट लेकीवरच डाफरली. "त्या साहेबाला म्हनावं, तुमच्या आईनं तुमाला लावली नसंल, म्हनून असे झालाव."

आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे उज्वलाला कळत्या वयापासून माहीत होतं. ती चौथ्यांदा नांदेडला गेली. अर्धापूरहून नांदेड म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण सोबत तान्हं लेकरू असलं की झबली, दुपटी, गरम पाण्याचा थर्मास, उलटी पुसायचं फडकं असा सगळा संसार पाठीवर घ्यावा लागतो. तरी नांदेड परवडलं. तिच्या स्वतःच्या पासपोर्टाच्या वेळी लातूरनं जे हाल केले ते तिला जन्मभर विसरता येणार नव्हते. सासर लातूरचं, म्हणून कागदावर पत्ता लातूरचा. बाळंतपणाला आलेली ती माहेरी. पोलीस चौकशीला लातूरच्या घरी गेले. सासरे अमृतराव सरळ माणूस, त्यांनी सरळ सांगून टाकलं की सून सध्या इथं राहत नाही. झालं, कागद परत फिरला. मग दोन महिन्यांची शिवांगी मांडीवर घेऊन उज्वला एसटीनं लातूरला गेली आणि पोलिसांची वाट बघत आठ दिवस घरात बसून राहिली. ते आले नवव्या दिवशी, ती लेकराला इंजेक्शन द्यायला दवाखान्यात गेलेली असताना. चहा पिऊन थांबले, एवढी त्यांनी माणुसकी केली.

हा सगळा खटाटोप सत्यमसाठी होता. सत्यम तिचा नवरा. आखातातल्या एका शहरात एसी दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. उज्वलाला चौथा महिना होता तेव्हा तो गेला, आणि शिवांगी त्यानं पाहिली ती फक्त मोबाईलमध्ये. रोज संध्याकाळी फोन यायचा. शिवांगीला बसता यायला लागल्यापासून ती मोबाईलच्या काचेवर तळहात आपटायची. बाप पलीकडून म्हणायचा, "मार, मार पप्पाला," आणि ती अजून जोरात आपटायची. फोन बंद झाला तरी आपटत राहायची. ते उज्वलाला बघवत नसे. आपली लेक बापाला एक वस्तू समजते, पेटते आणि विझते अशी, असं तिला वाटायचं.

आणि मग एकदाचा योग जुळून आला. सत्यमच्या खोलीतला सोबती तीन महिन्यांसाठी गावाकडं निघाला. खोली रिकामी. तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. कंपनी त्याला स्वतःला रजा देणार ती दोन वर्षं भरल्यावर, म्हणजे यायचं तर आत्ताच यायचं. तीन महिने! तेवढ्यात लेकरू बापाला ओळखायला लागेल, त्याचं बोट धरून उभं राहील, कदाचित पहिलं पाऊल त्याच्याकडंच टाकेल. उज्वलाला दुसरं काही नको होतं.

अडचण एकच होती, दुधाची. सहावा महिना उलटला तसं उज्वलाचं दूध कमी झालं आणि शिवांगी बाटलीला तोंड लावेना. रबराचं बोंड ओठाला लागलं की असं तोंड करायची जसं कुणी कडू कारलं चारलं. पेज, वरणाचं पाणी चार चमचे घ्यायची, पण झोपायला तिला आईच लागायची. आणि आईच्या दुधावर केवळाबाईकडं एकच औषध होतं, डिंकाचे लाडू.

केवळाबाईच्या लाडवांचं अर्धापुरात नाव होतं. कुणाच्या घरी बाळंतीण असली की आधी निरोप केवळाबाईला. डिंक तळून फुलवायचा, खारीक कुटायची, खोबरं भाजायचं, गूळ असा की हाताला चटका बसला पाहिजे, आणि सगळ्यात शेवटी मूठमूठ खसखस. खसखशीनं आईला दूध येतं आणि त्या दुधानं लेकरू शांत निजतं, हे केवळाबाईनं चाळीस वर्षं पाहिलेलं होतं. पाच लेकरं तिनं स्वतः त्यावर वाढवली होती.

नेमकं त्याच आठवड्यात सत्यमनं फोनवर बजावलं. उज्वलानं मुद्दाम फोनचा आवाज मोठा केला, आईला ऐकू जावं म्हणून.

"काय बी आन, पर खसखस न्हाई. मसाल्यात न्हाई, लाडवात न्हाई, पिशवीच्या कोपऱ्यात एक दाना बी न्हाई. हितं ती अफूत मोजतेत. जेलात टाकतेत. जायफळ बी नगं. समजलं का?"

"समजलं," उज्वला म्हणाली.

केवळाबाई परातीत खारीक निवडत बसली होती. तिचे हात थांबले. "अफू?" ती म्हणाली. "म्हंजे मी चाळीस वर्सं गावातल्या लेकीबाळींला अफू खाऊ घालून राहिली का?"

"आई, तसं न्हाई म्हनले ते. तिकडचा कायदाच हाय तसा."

"कसला कायदा आलाय खायच्या वस्तूचा? खसखशीबिगर डिंकाचा लाडू म्हंजे नुसता गूळ. दूध यायचं न्हाई त्यानं."

"नाही आलं तर नाही आलं. पर टाकू नकोस. माझी शपथ हाय तुला."

केवळाबाईनं परातीतली एक खारीक फोडली. मग खारकेची बी कचऱ्यात फेकत म्हणाली, "बरं बाई. न्हाई टाकत."

उज्वला जागरूक पोरगी होती. तिनं बॅग तीनदा उपसली. बाळगुटीच्या पुरचुंडीतलं जायफळ स्वतः काढून देवळीत ठेवलं. काळ्या मसाल्याची बरणी घेतलीच नाही, कोण जाणे त्यात काय असेल. झबली झटकली, दुपट्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. फक्त लाडवांचा डबा तिनं तपासला नाही. निघायच्या दिवशी पहाटे तो तिच्या हातात आला तेव्हा त्याचं तोंड पांढऱ्या फडक्यानं घट्ट बांधलेलं होतं. आईनं "न्हाई टाकत" म्हटल्यावर तिच्या डब्यात हात घालून बघणं तिला जमलंच नसतं.

वडील शेषेराव भाड्याच्या गाडीनं हैदराबादपर्यंत सोडायला आले. देगलूर यायच्या आत शिवांगी दोनदा ओकली, एकदा आईच्या अंगावर आणि एकदा आजोबांच्या धुवट धोतरावर. विमानतळावर उतरताना शेषेरावांनी ती बाजू निऱ्यांत लपवून घेतली. आत जायच्या दारापाशी त्यांना अडवलं. त्यांनी नातीच्या हातात केळ्याचा एक तुकडा दिला, आपल्याच मळ्यातला. तोही तपासणीवाल्यानं काढून टाकायला लावला.

पुढची तपासणी सांगायची तर एक दिवस पुरायचा नाही. शिवांगीच्या पायातल्या वाळ्यांनी यंत्र कोकललं, ते काढेपर्यंत पोरगी कोकलली. थर्मासमधलं पाणी उज्वलाला स्वतः पिऊन दाखवावं लागलं, तिची जीभ पोळली. गुटी उगाळायची सहाण बघून एका गणवेशातल्या माणसानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. "हा दगड कशाला?" उज्वलानं हिंदीत समजावलं, हातवारे करून उगाळून दाखवलं. तिसरा माणूस हसला आणि म्हणाला, जाऊ द्या, माझ्या आईकडंही आहे. लाडवांचा डबा यंत्रातून आरामात गेला. त्याच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बसायच्या जागी आल्यावर शिवांगीनं जो सूर धरला तो सोडेना. उज्वलानं ओढणी घेऊन पाजायला घेतलं, पण दूध नव्हतं. पोरगी चोखायची, तोंड सोडायची आणि लालबुंद होऊन रडायची. बाटली दिली, ती तिनं हातानं उडवली. समोरच्या खुर्चीतला टाय लावलेला गृहस्थ उठून चार खुर्च्या पलीकडं गेला. एका बाईनं कपाळाला आठ्या घालून कानात ते वायरचं कोंबलं. उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. अजून तर विमानसुद्धा दिसलं नव्हतं.

"नांदेडची का गे बेटा तू?" शेजारून आवाज आला. बुरखा घातलेली, पन्नाशीची, पायाशी दोन मोठ्या पिशव्या. "बोलण्यावरनं वळखलं. मी हसीना. देगलूर नाक्याला राहते. माझा मुज्तबा हाय न तिकडं, त्याच्याकडं चालली. ही तिसरी खेप."

पाच मिनिटांत हसीनानं शिवांगीला खांद्यावर टाकलं, पाठ थोपटली आणि उज्वलाला हुकूम सोडला, "तू आधी कायतरी खा. आईच्या पोटात न्हाई तर लेकराच्या पोटात कुठनं येणार?"

सकाळपासून उज्वलाच्या पोटात खरोखरच काही नव्हतं. तिनं डब्याचं फडकं सोडलं आणि एक लाडू खाल्ला. मग दुसरा. तूप, गूळ, भाजलेल्या खोबऱ्याचा वास. आईच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं तिला वाटलं आणि जरा धीर आला. तिनं डबा हसीनापुढं धरला. हसीनाचा हात डब्यापर्यंत आला आणि थांबला.

"खसखस तो नई न डाली इसमें?"

"न्हाई मावशी. मी आईला शपथ घातली होती."

"एक बार पूछ ले. पूछने में क्या जाता."

उज्वलानं फोन लावला. केवळाबाईनं पहिल्याच रिंगला उचलला. "पोचलीस का गं?"

"न्हाई आई, हैदराबादलाच हाव. आई, खरं सांग, लाडवात खसखस न्हाई न टाकली?"

"न्हाई गं बाई," केवळाबाई म्हणाली. "किती डाव सांगू? लेकरू कसं हाय?"

हसीना सगळं ऐकत होती. तिनं शिवांगीला परत दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "फिर भी फेक दे बेटा. वो लोगां माँ की बात नई मानते. उनकी मशीन जो बोलेगी वोच सच."

उज्वला उठली. डबा घेऊन कचऱ्याच्या टोपलीपर्यंत गेली, झाकण उघडून उभी राहिली. तेवढ्यात छातीत ओळखीची कळ आली, आणि कुडत्यावर ओल पसरली. ती तशीच मागं फिरली आणि तिनं शिवांगीला पाजायला घेतलं. पोरगी गटागटा प्यायली. दोन्ही बाजूंचं पोटभर पिऊन, मुठी सैल सोडून, ती शांत निजली. आता हा डबा कोण टाकणार? तिनं फडकं पुन्हा बांधलं आणि डबा पिशवीत खोल सरकवला. हसीनानं ते पाहिलं.

विमानात जे व्हायचं ते सगळं झालं. वर चढताना शिवांगीचे कान दुखले, उतरताना पुन्हा दुखले, आणि मधल्या वेळात तिनं लंगोट असा भरला की उज्वलाचा नवा कुडता, सीटचा पट्टा आणि समोरची पुस्तिका तिन्ही कामातून गेली. संडासात लेकरू ठेवायची फळी होती, पण ती उघडली की दार लागत नव्हतं. एका पायानं दार धरून, एका हातानं लेकरू धरून तिनं कसंबसं निभावलं. हे शेवटचं, ती स्वतःला सांगत होती. अजून एक तास, अजून अर्धा, मग सत्यमच्या हातात देऊन टाकीन, मग तो बघेल. सत्यमचा निरोप आलेला होता की तो दुपारपासूनच बाहेर येऊन उभा आहे.

बाहेर पडायच्या शेवटच्या दारापाशी सामानाचं अजून एक यंत्र होतं. तिची पिशवी त्यातून गेली आणि बाजूला काढली गेली. अधिकारी तरुण होता, दाढी नीट कोरलेली. त्यानं अदबीनं डबा बाहेर काढला, फडक्याची गाठ सोडली. त्याला वास आवडला असेल असं उज्वलाला वाटलं. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "लीजिए ना भैया, घर के हैं."

त्यानं लाडू घेतला. खाल्ला नाही, फोडला. पांढऱ्या कागदावर भुगा पसरला आणि चिमट्यानं तो चाळू लागला. खोबरं बाजूला, खारीक बाजूला. मग त्यानं दिवा जवळ ओढला. गुळात लडबडलेले, वाटल्यावरही न फुटलेले राईहून बारीक दहा-बारा पांढरे दाणे त्यानं एकेक करून कागदाच्या कोपऱ्यात मांडले. उज्वलाला ते लांबूनसुद्धा ओळखू आले. आई, हे तू काय केलंस, एवढंच तिच्या मनात आलं.

हसीना तिच्या मागून चालत आली, तिनं टेबलावरचा कागद पाहिला आणि मान खाली घालून दाराबाहेर गेली. तिचा तरी काय इलाज होता?

एक बाई अधिकारी आली, हिंदी जाणणारी. "सामान किसने बाँधा?" उज्वलानं तोंड उघडलं. आईचं नाव ओठावर आलं होतं. मग तिला दिसलं की त्या बाईपुढं एक छापील कागद आहे आणि हातात पेन आहे. या परक्या मुलखात, कुठल्या तरी भिंतीआडच्या यंत्रात, अफूच्या रकान्यात केवळाबाईचं नाव लिहिलं जाणार. ज्या बाईनं नांदेडपलीकडं कधी पाऊल टाकलं नाही तिचं. उज्वला म्हणाली, "मैंने."

"लड्डू किसने बनाए?"

"मैंने."

दोन दिवस तिला एका खोलीत ठेवलं. खोली स्वच्छ होती, थंडगार होती, कुणी आरडाओरडा केला नाही. लंगोट आणून दिले, दुधाची पावडर दिली. पण पहिल्याच दिवशी उज्वलाचं दूध आटलं. कसं आटलं तर नळ बंद करावा तसं. शिवांगी रात्रभर रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या बाटलीला तिनं दोन महिने तोंड लावलं नव्हतं ती बाटली तिनं दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून रिकामी केली. उज्वला भिंतीला टेकून बघत राहिली. आपली कुणालाच गरज राहिली नाही असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

तान्हं लेकरू आहे म्हणून तुरुंग टळला. कागदावर सही झाली, परत पाठवणी ठरली, आणि त्या बाई अधिकाऱ्यानं सावकाश, समजेल अशा हिंदीत सांगितलं की तुझं नाव यादीत गेलं आहे. या देशात तुला पुन्हा कधी येता येणार नाही. उज्वलानं विचारलं, म्हणजे किती वर्षं? ती बाई म्हणाली, वर्षं नाहीत.

जायच्या आधी पाच मिनिटं सत्यमला भेटू दिलं. भेटू दिलं म्हणजे दाखवलं. मध्ये काच होती आणि बोलायला फोन. सत्यमची दाढी वाढली होती, हातात गुलाबी रंगाची कापडी बाहुली होती. दोन दिवस तो ती घेऊन फिरत असणार. शिवांगीनं त्याच्याकडं पाहिलं. चेहरा ओळखीचा निघाला. तिनं खुदकन हसून काचेवर तळहात आपटला. पुन्हा आपटला. रोज संध्याकाळी मोबाईलवर आपटायची तसा. सत्यमनं आपला हात पलीकडून काचेला लावला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

मग त्यानं फोन उचलला. "मी सांगितलं होतं का न्हवतं?"

"हाव."

"मग? तुझ्या आईनं टाकली?"

"न्हाई," उज्वला म्हणाली. "मीच. ध्यानातच राहिलं न्हाई."

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की तिला वाटलं, खरं सांगून टाकावं. पण सांगून काय होणार होतं? यादीतलं नाव पुसलं जाणार नव्हतं. उलट आयुष्यभर तो सासूचं तोंड पाहणार नव्हता, आणि आईला कळलं असतं तर ती अन्न सोडून बसली असती.

"लोकाला काय सांगावं आता?" सत्यम म्हणाला. "बायको अफूच्या भानगडीत धरली म्हनून सांगू? फोटो जुळला न्हाई म्हनून सांग घरी. लेकरू वाढलं, फोटो जुना झाला, म्हनून परत पाठवलं. लातूरला बी मी हेच सांगतो."

"बरं."

"आन मला लगेच फोन करू नकोस," तो म्हणाला. "मी करीन."

त्यानं केला नाही. अर्धापूरला येऊन आठ दिवस झाले होते. संध्याकाळ झाली की शिवांगी रांगत जाऊन मोबाईल शोधायची आणि काळ्या काचेवर हात आपटत बसायची.

केवळाबाईनं आल्या दिवसापासून त्या फोटोवाल्याचा उद्धार चालवला होता. "मी तवाच म्हनलं होतं, फोटोत लेकराचं तोंड सुजल्यावानी दिसून राहिलं. त्या मेल्याला धड फोटो काढता येत न्हाई, दुकान कामून मांडलं? माझ्या लेकीचा सोन्यासारखा संसार त्याच्यापायी मागं आला." लातूरहून अमृतरावांचाही फोन आला होता. ते म्हणाले, "सूनबाई, मनाला लावून घेऊ नका, नवा फोटो काढू, नवे कागद करू, दिवाळीनंतर पुन्हा जा." उज्वला सगळ्यांना हो म्हणत होती. सगळ्यांना आशा होती, आणि ती एकटीच अशी होती जिच्याजवळ आशा नव्हती. हे ओझं कुणाजवळ उतरवायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी केवळाबाई स्टीलचा डबा घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. तसंच पांढरं फडकं बांधलेला. "खा," ती म्हणाली. "किती वाळलीस बघ. दूध येऊ दे, म्हंजे त्या बाटलीचं याड तरी सुटंल लेकराचं."

"भूक न्हाई आई."

"दोन तरी खा. माझ्या हातनं खा." तिनं लाडू मोडून तिच्या तोंडात घातला. मग इकडंतिकडं पाहिलं, शेषेराव मळ्यात गेलेले होते, तरी आवाज खाली आणला. डोळे मिस्कील झाले. "एक सांगू का? रागावनार न्हाईस न?"

उज्वला चावायची थांबली.

"त्या डावच्या लाडवात बी मी खसखस टाकली होती. चांगली पावशेर. भाजून, पाट्यावर बारीक वाटून, कुनाच्या बापाला दिसू नये अशी. तू फोनवर इचारलंस तवा न्हाई म्हनलं, उगं तुझ्या जिवाला घोर नगं म्हनून." केवळाबाई हसली. किती दिवसांनी ती अशी हसली होती. "जावयानं किती भेव घातलं होतं, जेल न काय काय! झालं का काय? आडवलं ते फोटोनं. लाडवाचं कुनी इचारलं तरी का?"

शेजारी गोधडीवर शिवांगी उताणी पडून बाटली पीत होती. दोन्ही हातांनी धरून, डोळे अर्धे मिटून.

"न्हाई आई," उज्वला म्हणाली. "कुनीच इचारलं न्हाई."

"बघ!" केवळाबाई म्हणाली. "दिवाळीला जाशील तवा जास्तीची टाकून देते."

तिनं दुसरा लाडू लेकीच्या हातात ठेवला, आणि उज्वलानं तोही खाल्ला.